लाल बिअरचे शनिवार

अप्पा, मी घरी बिअर करतो. तुमच्यासमोर उभं राहून हे वाक्य मला कधीच म्हणता आलं नसतं, म्हणून ते आधी सांगून टाकतो. शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये आमचं घर आहे, घराला चिकटून गाडीचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजमध्ये मोठ्या स्टीलच्या पातेल्यात मी माल्ट उकळतो. मला पिण्याची हौस आहे असं नाही. एक बाटली उघडली तर निम्मी उरते. पण काही वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका पुण्याच्या मित्राने त्याचं हे नवं खूळ बघायला मला घरी बोलावलं. ये यार, एकदा वास तर घेऊन जा, म्हणाला. गेलो. त्याने झाकण काढलं, वाफ वर आली, आणि तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. मी खरोखर मागे वळून पाहिलं. तिथे त्याची गाडी होती आणि मुलांच्या सायकली.

तो वास तुमचा होता. भाजलेल्या धान्याचा, थोडा काकवीसारखा, थोडा ओल्या पोत्यासारखा. तुमच्या कारखान्यात माल्टच्या दुधाची पावडर व्हायची, आणि तुम्ही ज्या टाक्यांवर होता तिथे मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजेच माल्ट, दळून गरम पाण्यात भिजवलं जायचं. पहिली पाळी करून तुम्ही दुपारी घरी यायचात ते मागच्या दाराने. अंगभर तो गोड चिकटा असायचा, शर्टाच्या कॉलरला, मनगटांना, पायांच्या बोटांमध्ये. आईने मागच्या पायरीशी कडकडीत पाण्याची बादली ठेवलेली असायची आणि दाराच्या कडीला पंचा. पाय धुतल्याशिवाय तुम्ही उंबरा ओलांडत नसा, आणि तुम्ही उंबरा ओलांडून पानावर बसल्याशिवाय आई जेवत नसे. जेवणं कधी तीनला होत, कधी चारला. उशीर का झाला हे ती विचारायची नाही. ती फक्त "आज उशीर केलात" म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचात, "टाकी तयार नव्हती." तुमच्या दोघांचं दिवसातलं बोलणं बरेचदा एवढंच.

एकदा तुम्ही मला आत नेलं होतं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर टाकीतलं थोडं पाणी घेतलंत आणि त्यावर आयोडीनचा थेंब सोडलात. तो निळाकाळा झाला. म्हणजे पिठाची अजून साखर झालेली नाही, थांबायचं, असं तुम्ही सांगितलंत. मी कंटाळलो होतो. थोडं कमी थांबलं तर कुणाला कळणार आहे, असं मी म्हणालो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाहीत. "मला कळेल ना," एवढंच म्हणालात, आणि पुढचा थेंब तपकिरीच राहीपर्यंत मला तिथे उभं ठेवलंत. आता मी पिकनिकच्या कूलरमध्ये माल्ट भिजत घालतो आणि तसाच थेंब पांढऱ्या बशीवर टाकतो. ती बशी बायकोने स्वयंपाकघरातून कायमची बाद केली आहे. मित्र सगळे कडू बिअरच्या मागे लागलेले असतात, हॉप्सची फुलं मूठमूठ टाकतात. मी लाल करतो. माल्ट भरपूर, कडूपणा बेताचा, आणि रंगासाठी करपायच्या अलीकडे भाजलेलं चिमूटभर सातू. तुझी बिअर म्हणजे जेवण आहे रे, असं तो पुण्याचा मित्र चिडवतो. तिचा वास तुमच्या शर्टाच्या सगळ्यांत जवळ जातो हे त्याला सांगितलेलं नाही.

मग आई आमच्याकडे राहायला आली. तुमच्यानंतर ती कितीतरी वर्षं एकटी राहिली, चांगली राहिली. मग गॅस चालू ठेवून देवळात जायला लागली, शेजारच्या काकूंना माझी मावशी समजायला लागली, तेव्हा आम्ही तिला घेऊन आलो. इथे ती शांत असायची. खिडकीतून लोकांच्या गाड्या बघायची, आणि एवढ्या मोठ्या रस्त्यावर माणूस का नाही, असं दिवसातून दोनदा विचारायची. ती आल्यानंतर पहिल्यांदा मी माल्ट भिजवलं त्या शनिवारी बायको बाहेर गेली होती. मी गॅरेजमध्ये. गॅरेजचं आतलं दार लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, उघडतं. पातेलं उकळायला लागल्यावर मी पाण्याची बाटली आणायला आत आलो आणि पाय बादलीला अडखळला. दाराशी बादली होती, वाफाळत होती, आणि दाराच्या मुठीला टॉवेल अडकवलेला होता. आई टेबलापाशी दोन ताटं मांडत होती. हे कुणासाठी, म्हणून मी विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरतोय. "वास नाही आला तुला? येतीलच आता."

मला तेव्हा गंमत वाटली, हे खोटं कशाला बोलू. गंमत आणि अंगावर काटा, दोन्ही. मी तिला समजावलं की हे माझं पातेलं आहे, मी उकळतोय. ती हो म्हणाली आणि दाराकडे बघत बसली. मधुमेहाची गोळी तिने घेतली होती, आणि गोळीनंतर लगेच जेवायला हवं. ती जेवेना. मी घास पुढे केला तर तोंड फिरवलं. त्यांचं व्हायच्या आधी मी कधी जेवलेय का, म्हणाली, वर लहानपणी तुला खायची घाई असायची तशीच अजून आहे, असा टोमणाही मारला. बायको परत आली तेव्हा आईला दरदरून घाम फुटला होता आणि हात थरथरत होते. शुगर पार खाली गेली होती. बायकोने ज्यूसचा ग्लास तिच्या ओठांना लावून थोडा थोडा पाजला, तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून. आई शांत झोपल्यावर बायको लाँड्रीत आली, बादली ओतली आणि म्हणाली, "हे बंद कर. बिअरचं मला काही नाही. पण त्या वाट बघत बसतात आणि कुणी येत नाही, हे मला बघवत नाही." मी पातेलं, कूलर, काचेच्या बुधल्या, सगळं माळ्यावर टाकलं. घरात पुन्हा फक्त फोडणीचा वास राहिला.

त्या वर्षी हिवाळा आला तशी आई आणखी आत गेली. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. भूक नाही असंही ती म्हणत नव्हती. ताट समोर आलं की दुसऱ्या कुणाचं असावं तसं त्याच्याकडे बघायची. बायकोने तिच्या आवडीचं सगळं करून पाहिलं, मऊ भात, कढी, रव्याची खीर. दोन घासांनंतर ओठ मिटायचे. डॉक्टर वजनाचा कागद बघून म्हणाले की असंच राहिलं तर नळीने भरवण्याचा विचार करावा लागेल, आणि तो आम्हीच करायचा आहे. गाडीत येताना मागच्या सीटवर आई सीटबेल्टशी खेळत होती. घरी आल्यावर बायको वरण-भाताचं न शिवलेलं ताट हातात घेऊन ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "बिअर कर."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"बघू नको असा. त्या दिवशी त्यांनी स्वतः ताटं मांडली होती. भूक होती त्यांना, अरे. फक्त कुणीतरी यायला हवं होतं."

शनिवारी बर्फ पडत होतं. गॅरेजचं दार वाफेसाठी हातभर उघडं ठेवलं होतं आणि पाय गारठले होते. माल्ट भिजलं, बशीवरचा थेंब तपकिरी राहिला, पातेलं चढलं. आतलं दार मी सताड उघडलं. थोड्या वेळाने लाँड्रीतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. आईला बादली उचलवत नव्हती, बायकोने दाराशी आणून दिली. मग बायको उंबऱ्याशी येऊन हळूच म्हणाली, "ये आता. बूट काढून." मी ठरवलं होतं की नुसतं दारातून आत यायचं. पण आई टेबलापाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, ती माझ्या पायांकडे बघत होती. मी पँट वर दुमडली आणि पाय बादलीत घातले. पाणी तुम्हाला लागायचं तसं होतं, कातडी लाल करणारं. टॉवेलने पाय पुसून मी आत आलो, खुर्चीवर बसलो. "आज उशीर केलात," आई म्हणाली. कित्येक आठवड्यांत तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य. माझ्या तोंडून तुमच्या आवाजात निघालं, "टाकी तयार नव्हती." तिने मला वाढलं. मग स्वतःच्या ताटात वाढून घेतलं, आणि जेवली. भात, कढी, अर्धी पोळी. बायकोने आमच्याकडे पाठ करून सिंकचा नळ सोडला आणि कितीतरी वेळ काहीच न धुता तशीच उभी राहिली.

त्यानंतर शनिवार ठरून गेले. हळूहळू मधल्या वारीही मी चुलीवर, म्हणजे इथल्या गॅसवर, मूठभर माल्ट पाण्यात उकळत ठेवायला लागलो, नुसता वासासाठी. बिअर इतकी साठली की ऑफिसमधले लोक मी ब्रुअरी काढणार का, असं विचारू लागले. तळघरात बुधल्या रांगेने उभ्या असायच्या आणि त्यांच्या नळ्यांतून बुडबुडे येत राहायचे, सारखे, एकामागून एक, जसं शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं. नळीने भरवण्याचा प्रश्न डॉक्टरांनी पुन्हा काढला नाही. आई माझ्यातल्या तुम्हाला वाढायची आणि संध्याकाळी मी मी असताना माझी चौकशी करायची, आज दिवसभर कुठे होतास म्हणून. तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. मला वाटायचं. एका शनिवारी मी पाय घालायच्या आधीच बादलीतल्या पाण्यावर सातूचं एक टरफल तरंगत होतं. बायकोच्या बाहीला लागून आलं असेल. मी तिला विचारलं नाही. थोडं थांबलो, तुमचे पाय धुऊन होईपर्यंत थांबावं तसा, आणि मग माझे घातले.

आई आता नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत जेवत होती, हे तुम्हाला कळावं. पण त्या आधीच्या एका शनिवारचं सांगायचं राहिलं आहे. त्या दिवशी ती फार स्वच्छ होती. केस नीट बांधलेले, नजर ठाम. माझं जेवण अर्धं झालं तेव्हा तिने हातातला घास ताटावरच थांबवला आणि म्हणाली, "एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर." मी मान हलवली. "पोरगा अमेरिकेला शिकायला जायचं म्हणतोय. त्याची तुमच्यासमोर जीभ उचलत नाही. मला म्हणाला, तू विचार."

अप्पा, मी खरंच तिला तसं सांगितलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, ती ओट्याशी मटार सोलत होती. बघते, त्यांचं पोटभर जेवण झालं की विचारते, असं तिने मला सांगितलं. त्याच आठवड्यात तुम्ही पहिल्या पाळीला गेलात आणि कारखान्याच्या गाडीतून तुम्हाला परत आणलं. तिने तुम्हाला विचारलं होतं का, हे मी पुढे कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मन चांगलं असेल तेव्हा मी धरून चालायचो की विचारलं असेल आणि तुम्ही हो म्हणाला असाल. इतर दिवशी उलटं. आता कळलं की तो प्रश्न तिच्याकडेच राहिला होता. आणि ती माझ्याकडे बघत होती, घास हातात धरून. मी उत्तर दिल्याशिवाय तो तोंडात जाणार नव्हता. तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. कॉलनीतला एक मुलगा परदेशी गेला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की मागे दोन म्हातारी ठेवून गेला. त्यापलीकडे माझ्याकडे तुमचा काही पुरावा नाही.

"जाऊ दे त्याला," मी म्हणालो.

"आणि आपलं काय?"

"आपण आहोत ना एकमेकांना."

ती "बरं" म्हणाली आणि घास खाल्ला. ताट पूर्ण केलं, वर ताक मागून घेतलं.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे उरलेलंही लिहितो. त्या संध्याकाळी मी तळघरात बाटल्या भरत होतो. आई कठडा धरून, एकेक पायरी उतरून खाली आली. एकटी ती कधी येत नसे. माझ्याजवळ येऊन तिने वर जिन्याकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना ते, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "हो म्हणाले. पण लगेच त्यांच्यासमोर नाचू नको." तिचा चेहरा उजळला होता. मी हातातली बाटली खाली ठेवली. ते कोण बोललं होतं हे मला चांगलं ठाऊक होतं, अप्पा. तरी मी तिला विचारलं, "रागावले नाहीत ना?"