पतीचे वय

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

आज सुनंदा मला रामदासपेठेत त्यांच्या कॉम्प्युटर मंडळात घेऊन गेली. दवाखान्यात बायांची नोंद करायचा प्रोग्राम तिने लिहिला आहे. मंडळाचा नियम असा की, ज्याने मशीनला कधी हात लावला नाही त्याने तो चालवायचा आणि लिहिणाऱ्याने मागे गप्प बसायचं.

माझं नाव, पत्ता, यांचं नाव, सगळं एकेक अक्षर शोधून टाकलं. मग आलं, पतीचे वय. रिकामं सोडलं तर पुढे जाईना. तोच प्रश्न, आणि शेजारी लुकलुकणारी रेघ.

"काहीबी टाका ना काकू," बाजूचा बँकवाला म्हणाला. "मशीनले काय समजते?"

"मशीनले नसन समजत. मले समजते नं."

सगळे हसले. सुनंदा वहीत लिहीत राहिली. गेलेल्या माणसाचं वय कोणतं सांगायचं? ती रेघ लुकलुकतच होती. शेवटी मी उठले. चारचौघांत पोरीची फजिती केली असं वाटत राहिलं.

रिक्षात बसल्यावर तीच बोलली. "आई, चूक माझी आहे वं. तपासताना मी दरवेळी तुझंच नाव टाकत होती. मग बाबांचं वय टाकायची अन् पुढं जायची. कोणी तिथं अडून बसंल हे मनातच नाही आलं."

"किती टाकत होती?"

"अठ्ठावन्न."

सहा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. म्हणजे ती दरवर्षी एक मिळवते आहे. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.