फळ्यावर माझं नाव लिहा

बाबा, तुम्हाला आणि आईला जर्मनीहून जय भीम.

मी बरी आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डात काम खूप असतं, पण डबा मीच करून नेते. आईचे गुडघे कसे आहेत? फोनवर राजकारण काढलं की ती फोन कट करते, म्हणून हे पत्र.

"नेट बंद करून भांडण मिटत नाही, फक्त ऐकू येईनासं होतं." तिकडे नेट बंद केलं तेव्हा एवढंच मी फेसबुकवर लिहिलं होतं. सरकारी आदेश निघाला आणि फेसबुकने ती पोस्ट भारतात बंद केली. मला इथे दिसते, तुम्हाला पालेगावात दिसत नाही! आई म्हणते, काढून टाक. नाही काढणार. चुकीचं काय लिहिलंय?

धाकट्या सम्यकच्या पासपोर्टसाठी पोलीस येऊन गेले का? माझ्याबद्दल काही विचारलं का? लपवू नका.

दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर तुम्ही सुविचार लिहिता. या पौर्णिमेला माझं वाक्य लिहा. गयाबाई आत्या घाबरून पुसायला आली, तर म्हणावं, आधी वाच.

आणि खाली माझं नाव घाला, आडनावासकट. अक्षर तुमचं आहे हे अख्ख्या गावाला कळेल. विचार माझा आहे, हेही कळू दे.

तुमची लेक,
पायल