मोडलेला सण

आश्विन शुद्ध पौर्णिमा, शके १८११. कल्याण

कपिला व्याली! आज, ऐन कोजागिरीला. कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा. गोठ्यात जाऊन तिच्या कानात म्हटलं, बाई, दिवाळीपर्यंत कळ काढली असतीस तर सुंठीवाचून खोकला गेला असता. ती आपली वासराला चाटत राहिली. तिला काय त्याचं!

आता सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर.

आश्विन वद्य द्वितीया

आत्याबाईंनी आज पुन्हा तोच विषय काढला. मामंजींच्या या थोरल्या बहिणीला पंचांग तोंडपाठ, आणि दुसरं कामही नाही. बोटं मोजून म्हणाल्या, सूनबाईचे दिवस भरताहेत ते बरोब्बर लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला. मग नेहमीचं वाक्य – ज्या दिवशी सण मोडला त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली, तरच सण मोकळा होतो. "गाय तर चुकली."

म्हणजे उरले मी.

या घरात दिवाळी नाही. यांचा थोरला भाऊ रघु, सात वर्षांचा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तापानं गेला. हे तेव्हा पाळण्यात होते. तेव्हापासून सण मोडला तो मोडलाच. त्या दिवसांत इथे पणती लागत नाही, रांगोळी पडत नाही, चुलीवर तळणाची कढई चढत नाही. सगळं कल्याण उटणं लावून पहाटे न्हातं आणि आम्ही रोजच्यासारखे उठून रोजचं पाणी तापवतो. शेजारपाजारहून फराळाची झाकलेली ताटं येतात. सासूबाई घेतात, बरं म्हणतात, रिकामं ताट परत कसं द्यायचं म्हणून वर थोडी साखर ठेवतात. करंजीला मात्र हातसुद्धा लावत नाहीत. गड्याच्या पोरांना देऊन टाकतात.

आश्विन वद्य तृतीया

भीती वाटते. एकदा लिहूनच टाकते, म्हणजे बरं वाटेल.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझ्या माहेरी ठाण्याला आहे कोण? नाना आणि भाऊ. दोघांना मिळून धड भात शिजवता येत नाही, ते बाळंतीण काय सांभाळणार! आई माझ्या पाठच्या भावंडाच्या बाळंतपणातच गेली. मूलही गेलं. नौपाड्यातल्या आमच्या ओसरीवर तिला हिरवं लुगडं नेसवून निजवलं होतं. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकवाचा मळवट. बायका म्हणत होत्या, भाग्याची हो, सवाष्ण गेली. मी एकटीच म्हणत होते, तिला उठवा.

तेव्हापासून हिरवं लुगडं दिसलं की मला ती ओसरी दिसते. मंगळागौरीलासुद्धा नेसले नाही. सगळ्यांना वाटलं, नवी सून नखरेल आहे.

बरं वाटलं नाही. उगाच लिहिलं.

आश्विन वद्य पंचमी

आज जेवताना हे हसत म्हणाले, बघ, तू जमवलंस तर आपल्याही दारात आकाशकंदील लागेल! यांची नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर; गोण्या चढवायच्या-उतरवायच्या, तसंच वाटतं यांना. मी वाढता वाढता पळी आपटली आणि आत निघून गेले.

संध्याकाळी स्वारी मागच्या पडवीत आली. मग सांगू लागले, लहानपणी शेजारच्या कुंपणाशी उभं राहून दुसऱ्यांच्या फुलबाज्या बघायचो. एकदा शेजारच्या काकूंनी एक हातावर ठेवली. घरी पेटवायची सोय नाही. कोनाड्यात लपवून ठेवली, तर पुढल्या पावसाळ्यात सर्दावून गेली.

राग गेला. भीती काही गेली नाही. उलट आता त्या सर्दलेल्या फुलबाजीचं ओझंही माझ्याच पोटावर आलं.

आश्विन वद्य अष्टमी

सासूबाई कधी बाजारात जात नाहीत. आज गेल्या. परत आल्या त्या पदराखाली गाठोडं घेऊन, आणि तडक माजघरातल्या पेटीपाशी. मी दारातच होते. गाठोडं सुटलं – हिरवं लुगडं. नवंकोरं. हिरव्या बांगड्या. कुंकवाची पुडी.

मी दारातून मागे सरले.

त्यांनी सगळं पेटीच्या तळाशी ठेवलं, कुलूप लावलं, वळल्या, मला पाहिलं. त्या बोलतच नाहीत. नुसतं माझ्या पोटाकडे बघतात, आणि मग दुसरीकडे.

म्हणजे यांनी तयारी करून ठेवली आहे. मी गेले तर धावपळ नको म्हणून.

आश्विन वद्य नवमी

कोणाला सांगू? यांना? हसतील. किंवा हसणार नाहीत – ते तर त्याहून वाईट.

आश्विन वद्य एकादशी

रखमाबाई सुईण आंबिवलीहून येऊन गेली. हात कसा ऊन आणि जड. तिनं पोटावर ठेवला की पोर आतल्या आत गप्प होतं. आत्याबाईंनी दारातूनच विचारलं, लक्ष्मीपूजनाला होईल ना? रखमाबाई म्हणाली, "पोर काय आगीनगाडी हाय का, टायमाव यायला? येल तवा येल."

तेवढ्यावर थांबतील तर त्या आत्याबाई कसल्या! एखादा काढा असेल ना, घाई करायला? रखमाबाईनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही! हेच मला खुपतं आहे.

आणि त्याच दिवशी मी गेले तर? मग सण दोनदा मोडेल. तो मोकळा व्हायला एक मूल पुरेल की दोन लागतील? आत्याबाईंना विचारावं, त्यांना नक्की ठाऊक असेल. हसू आलं. मग रडूच आलं.

वसुबारस

आळीतल्या बायका आमच्या कपिलेची पूजा करायला आल्या. आमच्याच गोठ्यात, आमच्याच गाईला हळदकुंकू, आणि आम्ही सासवासुना रिकाम्या हातांनी उंबऱ्यात उभ्या! बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. साऱ्या गावाला माझी तिथी ठाऊक झालेली दिसते.

धनत्रयोदशी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

आत्याबाईंनी स्वतःच कुठलासा काढा उकळला आणि वाटी माझ्यापुढे धरली. काळाभोर, वास उग्र. म्हणाल्या, घे, हा घेतला की परवापर्यंत सुटशील. मला नाही म्हणायचा धीर होईना. हात पुढे केला. वाटी माझ्या ओठाशी येते न येते तोच सासूबाईंनी मागून ती काढून घेतली आणि मोरीत उपडी केली.

सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. "वन्सं, तो दिवस माझ्या घरातलं एक माणूस घेऊन गेलाय. त्याला आणखी काही द्यायचं नाही."

मग वाटी घासायला बसल्या. घासलेलीच वाटी पुन्हा पुन्हा घासत राहिल्या. माझ्या मनात प्रथमच आलं, की या घरात मी एकटीच घाबरलेली नाही.

पण मग ते लुगडं?

आश्विन वद्य चतुर्दशी

पहाटे सगळीकडून न्हाणीघरांचे आवाज, सुगंधी तेलाचा वास. आमच्याकडे चिडीचूप. दुपारपासून कंबर धरली आहे. रखमाबाईला बोलावणं गेलं. देवा, आई तुझ्याकडे आहे. एवढ्यात आणखी कोणाला बोलावू नकोस.

अमावास्या. लक्ष्मीपूजन

बाळंतिणीच्या खोलीत आहे. खिडकीला जाड पडदा, दाराला कडी. दिवस आहे की दिवे लागले, आतून काही कळत नाही. कळा येतात, जातात. मधल्या वेळात लिहिते आहे. रखमाबाई म्हणते, पहिलटकरीण आणि लिवतेय काय! लिहिलं नाही तर ओरडेन.

सासूबाई माझी पाठ दाबत बसल्या आहेत. मघाशी आपणहून बोलल्या. रघुचा ताप चढला होता, तरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. करंज्या तळून ताटात काढल्या होत्या. त्यानं एक मागितली. "मी म्हटलं, नैवेद्य होऊ दे, मग देते. शहाणा होता. बरं म्हणाला आणि परत जाऊन निजला."

पाठ दाबत राहिल्या.

लुगड्याचं विचारणार होते. पुन्हा कळ

कार्तिक शुद्ध द्वादशी

जिवंत आहे. दोघी जिवंत आहोत!

मुलगी. आज बारसं झालं, नाव अंबा ठेवलं. नाना आणि भाऊ ठाण्याहून आले होते. भाऊबीज हुकली म्हणून आजच भावाला ओवाळलं.

त्या वेळचं फार आठवत नाही. आपण आता आईकडे चाललो असं वाटलं ते आठवतं. आणि सासूबाई माझे दोन्ही खांदे धरून, "नाही जायचं, मुली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या ते. मग रडणं ऐकू आलं. मग सासूबाई कडी काढून बाहेर गेल्या. बाहेरचं बोलणं मी पडल्या पडल्या ऐकलं. त्यांनी सांगितलं, अमावास्येतच झाली, श्वास धरायला वेळ लागला म्हणून इतका वेळ कोणी बोललं नाही.

लगेच आत्याबाई – पण मुलगी ना? सण मुलानं मोकळा होतो.

"कपिलेला कालवड झाली तेव्हा दिवस चुकला म्हणालात. पाडा हवा होता असं नाही म्हणालात. गाईची मुलगी चालते, तर माझ्या घरची का नाही?"

मामंजींनी खाकरून घसा साफ केला. मग म्हणाले, सण मोकळा झाला. बाळंतपणाच्या सुवेरामुळे यंदा पूजा नाही, दिवे पुढच्या वर्षी. हे पडवीत जाऊन लहान पोरासारखे रडले, असं रखमाबाईनं मला सांगितलं.

आज सकाळी सासूबाईंनी ते हिरवं लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं. मी एवढी दचकले की अंबी जागी झाली. तेव्हा मला सगळं सांगावंच लागलं – आई, ओसरी, मळवट. त्यांनी लुगडं उचलून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, अगं, दिवाळीला सुनेला लुगडं द्यायचं असतं. मला कधी घेता आलं नव्हतं. यंदा घ्यावंसं वाटलं, आणि द्यायला धीर होईना, म्हणून कुलपात ठेवलं.

पुढच्या दिवाळीला नेसेन म्हटलं. पण मला आता दुसरीच भीती लागली आहे. ती इथेसुद्धा लिहीत नाही.

आश्विन वद्य चतुर्दशी, शके १८१२

पहाटे घरात उटण्याचा वास! हे चाळिशीच्या म्हाताऱ्यासारखे गंभीर होऊन बसले होते पाटावर, आणि मी तेल लावलं तेव्हा एकदम हसत सुटले. दारात आकाशकंदील. कढई काल माळ्यावरून निघाली, चिंच लावून घासली, तरी काळीच.

आणि दुपारपासून अंबीचं अंग गरम. आत्याबाई म्हणतात, दात येताहेत. मला काही सुचत नाही. रघुही असाच तापला होता. उद्या तोच दिवस. देवा, खोटं तिनं केलेलं नाही. तिच्याकडून घेऊ नकोस.

अमावास्या

ताप उतरला. दात दिसतो आहे, तांदळाएवढा.

आता लिहिते. अंबी अमावास्येला झालीच नाही. पाडव्याला झाली. उजाडलं होतं. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप माझ्या पायावर पडली होती, आणि जन्मताच तिनं टाहो फोडला. सासूबाईंनी ती तिरीप पाहिली, माझ्याकडे पाहिलं, रखमाबाईकडे पाहिलं, आणि बाहेर गेल्या. वर्षभर मी वाट बघत होते, देव हे कधी वसूल करतो त्याची.

संध्याकाळी ओटीवर पणत्या लागल्या. मी हिरवं लुगडं नेसले. सासूबाईंनी करंज्या तळून ताटात काढल्या. अंबीनं रांगत येऊन हात पुढे केला. आत्याबाई म्हणाल्या, अगं, नैवेद्य व्हायचाय अजून.

सासूबाईंनी करंजी मोडली, सारण बोटावर घेऊन तिच्या तोंडात घातलं. "देव मोठा आहे. तो थांबेल."

उरलेली करंजी त्यांनी स्वतः खाल्ली.