वाळ्याची ताटी

५ डिसेंबर १९७४, संध्याकाळ

दुपारपासून बोचरा वारा सुटलाय. ट्रंकेतले स्वेटर, शाली काढल्या, रजयांना ऊन दाखवलं, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. राहिली फक्त खिडकीतली वाळ्याची ताटी, उन्हाळ्यात पाणी मारून घर गार ठेवायची ती. दरवर्षी पाऊस लागला की सुमनच ती काढून ठेवायची. यंदा मे महिन्यात बायकोच गेली, आणि ताटी तशीच राहिली.

"बाबा, काहून ठेवली ती अजून? वारा सरळ आत येऊन राहिला," लेक म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. स्टुलावर चढलो. पण सुतळीची गाठ सुमनने मारलेली. सुटेना. की मीच सोडवत नव्हतो? कापायला हात धजेना. मग काय सुचलं कोण जाणे, खाली उतरलो आणि तांब्याभर पाणी ताटीवर मारलं. एवढ्या थंडीत! शहाणा माणूस असं करतो का?

पण वास आला. तोच, ती घरात असतानाच्या दुपारचा.

वळलो तर लेक दारात. वाटलं, आता रागावणार. तिने आईची शाल माझ्या खांद्यावर टाकली, रिकामा तांब्या हातातून घेतला आणि म्हणाली, "थांबा बाबा, अजून आणते. वरची बाजू कोरडीच राहिली."