सगुणाबाईंची लाल चिठ्ठी

मी, उत्तरा माधव फणसळकर, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण बी.एस्सी., राहणार तळमजला, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा दबाव आणू शकेल असा माणूस आमच्या गल्लीत अजून राहायला आलेला नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात ‘स्मरणशक्ती उत्तम’ असे लिहिले आहे, याची काही शेजाऱ्यांनी विशेष नोंद घ्यावी.

हा दुसरा मसुदा आहे. पहिला का बाद झाला ते शेवटी येईल.

कलम १. सगुणाबाई परशुराम भोईर यांच्याविषयी. आमची इमारत उभी आहे तिथे एके काळी त्यांच्या सासऱ्यांचे भातशेत होते. त्या शेजारच्याच इमारतीत राहतात.

गेली तेरा वर्षे, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, माझ्या हॉलमध्ये ‘हातचं’ भरते. गल्लीतल्या ज्याने स्वतःच्या हाताने काही केले असेल त्याने ते टेबलावर ठेवायचे आणि जाताना दुसऱ्याचे एक घेऊन जायचे. विक्री नाही, बक्षीस नाही, भाषण तर नाहीच. नियम एकच: वस्तू टेबलावर जाण्याआधी मी ती उलटी करून बघणार. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी तीस वर्षे माल तपासला. नापास मालाला आम्ही लाल चिठ्ठी लावायचो. निवृत्त होताना उरलेला गठ्ठा मी घरी आणला.

२०१४ साली सगुणाबाईंनी भरतकाम केलेला रुमाल आणला. त्यावर तुळशी वृंदावन होते. मी तो उलटा केला. मागे एक गाठ नाही, एक लोंबता धागा नाही. जसे पुढे तसेच मागे. हाताच्या कामाला मागे गाठी असतातच, अशी माझी खात्री. मी चिठ्ठीवर ‘मशीनचं. बाद.’ असे लिहिले आणि सर्वांसमक्ष टाचली. सगुणाबाईंनी चिठ्ठीसकट रुमालाची घडी केली आणि गेल्या.

पुढच्या वर्षी दवाखान्याच्या रांगेत त्या माझ्या पुढच्या बाकावर बसून भरतकाम करत होत्या. ती कसुती होती. धारवाडची एक भाडेकरीण त्यांना शिकवून गेली होती. त्या टाक्यात गाठ मारतच नाहीत. मी वीस मिनिटे मागून पाहिले. मग माझा नंबर आला आणि मी आत जाऊन गुडघा दाखवला.

तेव्हापासून दर जानेवारीला त्या येतात. टेबलावर काही ठेवत नाहीत. मी ठेवलेली गोधडी उचलतात, उलटी करतात, गाठी बघतात, परत ठेवतात आणि चहा न घेता जातात.

तो रुमाल हातचाच होता. चूक माझी होती. मी त्यांची माफी मागते. हे कलम ‘हातचं’मध्ये मोठ्याने वाचले जावे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. येत्या जानेवारीत मीच वाचीन.

कलम २. राहते घर मुलगा विनीत यास. तो माजिवड्याला एकविसाव्या मजल्यावर राहतो आणि खाली येणे त्याच्या जिवावर येते. तरी दर जानेवारीला त्याने हा हॉल ‘हातचं’साठी स्वतः येऊन उघडावा आणि स्वतः केलेली एक वस्तू टेबलावर ठेवावी. लॅपटॉपवर केलेले काही चालणार नाही. सहावीत त्याने केलेला पेनस्टँड अजून माझ्याकडे आहे. तो वाकडा आहे, पण हातचा आहे.

कलम ३. चिनी मातीच्या सहा बरण्या सून आसावरी हिला. तिला लोणचे चालत नाही, पण बरण्या ‘अँटिक’ वाटतात. एका बरणीत लोणचे ठेवूनच देत आहे.

कलम ४. मेणबत्तीचे साचे आणि दोन किलो मेण तिसऱ्या मजल्यावरच्या मितेशभाईंना. २०१८ साली त्यांनी ठेवलेल्या ‘घरी केलेल्या’ मेणबत्तीच्या बुडाशी दुकानाचे अर्धवट खरवडलेले लेबल होते. मी पाहिले आणि पास केले. भाभी जाऊन दोनच महिने झाले होते आणि त्यांना चार माणसांत बसायचे होते. मितेशभाई, आता तरी करा.

कलम ५. सुया, अंगुस्तान आणि अपुरी गोधडी ‘हातचं’ला. गोधडी कोणीही पूर्ण करावी. माझे टाके उसवू नयेत.

कलम ६. गल्लीतल्या विश्राम सुतार यांना काही नाही. ते साक्षीदार आहेत, आणि वकिलांच्या मते साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. शिवाय माझी मोठी कात्री २०१९ पासून त्यांच्याकडेच आहे.

कलम ७. त्याच कारणाने सगुणाबाईंनाही काही देत नाही. माफी ही मालमत्ता नव्हे, हे मी वकिलांना दोनदा विचारून घेतले.

पहिला मसुदा घेऊन मी सगुणाबाईंकडे सहीसाठी गेले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे मी म्हटले. त्यांनी चष्मा लावला आणि सगळा वाचला. माफी तेव्हा शेवटी होती.

“लोनच्याच्या बरन्यांखाली माफी?” त्या म्हणाल्या. “वर घे तिला. मंग सही करीन.”

मग कपाटातून माझीच ती लाल चिठ्ठी काढली, अकरा वर्षांपूर्वीच्या टाचणीसकट, आणि माझ्या मसुद्याला टाचली. मी कागदांची घडी केली आणि घरी आले.

माफी वर घेतल्याचे सांगायला गेले तेव्हा मी विचारले, रुमाल जानेवारीत आणाल का.

“आनीन. पन तपासनार कोन?”

“तुम्ही,” मी म्हटले. “यापुढे सगळ्यांचं तुम्हीच तपासायचं. माझंसुद्धा.”

त्यावर त्यांनी चहा टाकला.

उरलेल्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी हयातीतच त्यांच्या हवाली केला आहे. गल्लीने सांभाळून राहावे.

वर लिहिले ते माझे शेवटचे म्हणणे. ज्याला पटणार नाही त्याने जानेवारीत स्वतः काहीतरी करून आणावे, मग बोलावे.

ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) उत्तरा माधव फणसळकर

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमक्ष सही केली:

१. (सही) विश्राम सुतार. कात्री आणून देतो.

२. (सही) सगुणा परशुराम भोईर. सगली पानं उलटी करून बगितली. पास.