सासूबाई गच्चीवर

प्रिय वन्सं,

रागातच लिहायला बसलेय, अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घ्या. सोळा दिवस आभाळ नुसतं कुंद. उशांना कुबट वास, मिठाचं पाणी झालेलं, तुमच्या भावाचे मोजे गॅसशेजारी लोंबकळतायत. आणि त्यात तुमच्या आई! खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले, डॉक्टर म्हणतात चाला, तर या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. वॉकर पुढे केला की म्हणणार, "तूच फीर तो घेऊन."

काल सकाळी एकदम लख्ख ऊन पडलं. मी शाळेत रजा कळवली आणि गाद्या, पांघरुणं, कपाटातले कपडे, सगळं गच्चीवर नेलं. कुंडीतल्या फुलांवर मधमाश्या परतल्या होत्या. पाठीवर ऊन घेत पाच मिनिटं नुसती उभी राहिले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग चिमटे आणायला खाली उतरले, तर दारात शेजारीण. तिच्या गळक्या नळाची रडकथा ऐकून आत आले, तर आईंचा पलंग रिकामा.

न्हाणीघरात नाहीत, स्वयंपाकघरात नाहीत. वॉकर जिन्याच्या तोंडाशी उभा. धावत वर गेले तर बाई गादीवर पाय पसरून, केस मोकळे सोडून बसलेल्या. "कशा आलात?" मी किंचाळलेच. "एकेक पायरी, बसत बसत," म्हणाल्या, "आणि ही गादी उलटी घातलीयस. ओली बाजू वर नको का?" मी इकडे रडतेय आणि यांना गादीची पडलीय!

त्यांना एकटीनं उतरवणं शक्य नव्हतं. तुमचा भाऊ येईपर्यंत तीन तास आम्ही दोघी उन्हात. मी फणफणत होते. त्या माझ्या केसांतला गुंता सोडवत होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांचा हात असा पहिल्यांदाच लागला. आज सकाळपासून तीनदा विचारून झालंय, "वर कधी जायचं?" डोकं उठलंय माझं.

गेल्या आठवड्यात मीच फोनवर म्हटलं होतं, माझ्याच्यानं आता होत नाही, आईंना कायमचं तुमच्याकडे न्या. रविवारी तुम्ही गाडी घेऊन येताय. या, जरूर या. पण बॅग भरलेली मिळणार नाही. भरली होती, आज रिकामी केली. त्यांना यातलं काही माहीत नाही, तुम्हीही बोलू नका. फक्त येताना तुमच्या ओळखीचा तो सुतार घेऊन या. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवून घ्यायचाय.

तुमचीच, अजून धापा टाकणारी,
वहिनी