पाणकणसांत बोलायचं नाही

सोमवार
आलो एकदाचा! पाणथळीच्या पाहणी केंद्रात माझी नेमणूक झाली आहे आणि राहायचं घर थेट दलदलीच्या काठावर. खिडकीतूनच पाणमांजरांची जोडी दिसली. मासा एकाने धरला, गट्टम केला दुसऱ्याने. हुबेहूब आमचा संसार. ठमी, म्हणजे माझी बायको, रविवारी येते आहे. या नावाने तिला फक्त मीच हाक मारतो.
माणसं मात्र दिव्य. नावाडी कायम तोंडात मिठाची गुळणी धरून. साहेब चांगले डॉक्टरेटवाले, पण नाव पाणकणसांत, त्या पुरुषभर उंच पाणगवतात, शिरली की तेही मुके! प्राणी दिसला की फळीवर टकटक करायची आणि बोट दाखवायचं. म्हणे तिथे कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. कारण विचारलं तर विषयच बदलला.

मंगळवार
मी बोललो. चांगला खणखणीत बोललो. ढोकरी, खंड्या, शेकाट्या, लाजरी पाणकोंबडी, जे दिसेल त्याचं नाव रेकॉर्डरवर मोठ्याने घेत गेलो. नावाडी पांढराफटक पडून फळी बडवत सुटला. अडाणी कुठले, असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. साहेबांनी खुणेनेच नाव मागे वळवली. हे म्हणे शास्त्रज्ञ!
संध्याकाळपासून घसा बसलाय. दमट हवेचा प्रताप.

बुधवार
नावाडी फिरकलाच नाही. ब्याद टळली. एकटाच गेलो. बेडूकसुद्धा गप्प होते. पाणकणसांत कोणीतरी खाकरलं, थेट माझ्यासारखं. मग स्वच्छ ऐकू आलं, अडाणी कुठले!
साहेबांचाच चावटपणा. माझं रेकॉर्डिंग वाजवताहेत. या वयात!

शुक्रवार
रेकॉर्डर माझ्याच खणात आहे. कुलपात.
आवाज पार गेला. कुजबुजताही येत नाही. पाणकणसं अंगणात आली आहेत, पाणी चढलं असेल. साहेब फाटकातूनच म्हणाले, आजच्या आज निघा. मी मान हलवून नकार दिला. मनात म्हटलं, भेकड लेकाचे.
ते गेल्यावर अंगणातून आवाज आला, भेकड लेकाचे.
हे तर मी फक्त मनात—

शनिवार
ठमीला मेसेज टाकला, येऊ नकोस. उत्तर आलं, तुझी नेहमीची थट्टा! मी निघाले, आता फोन लागणार नाही.
थट्टा. आयुष्यभर सगळ्यांची तीच तर केली—
पाणकणसं पायरीला लागली आहेत.

रविवार
दार उघडत नाही. बाहेरून पाणकणसं दाटली आहेत. खिडकीला गज.
बांधावर ठमी. हातात बॅग.
हाक आली— ठमे! इकडे ये, पाणमांजरं बघ!
माझा आवाज. इतक्या प्रेमाने मी तिला कधी हाक—
हसली. चपला काढतेय. काच बडवतोय, लक्षच नाही—
एक पाय पाण्यात—
वर बघितलं! बघितलं तिने! वही काचेला लावतो, मोठ्या अक्षरात—

ठमे मागे फिर तो आवाज मा